लोलाच्या अंगावरची नक्षी

मार्गिलान, ११ नोव्हेंबर

फोझिलजान, सलाम आणि दुआ.

तू जिझ्झाखच्या कारखान्यात गाड्यांना सीट बसवायच्या कामाला लागलास त्याला पाच महिने झाले, आणि तुझा फोन त्या कारखान्याच्या पेटीत जाऊन पडला त्याला दोन. रविवारी वसतिगृहाच्या ऑफिसातून तू तीन मिनिटं बोलतोस, त्यातली दोन मिनिटं रांगेतली माणसं "आटप की लवकर" म्हणून ओरडत असतात. म्हणून शेवटी वहीचा कागद फाडला. चिठ्ठी कोबिल टॅक्सीवाल्याच्या हाती देते आहे. बरोबर चार नान, जर्दाळू आणि लोकरी मोजे. नान मोजून घे, कोबिलला वाटेत भूक लागते.

आता कामाचं. लोला गाडीच्या खोळींवर आपलं घर चाललंय हे तुला सांगायला नको. ह्यांनी, तुझ्या एर्गाश अकांनी, अद्रसचं रेशमी कापड विणायचं, मी त्याच्या सीटवर घालायच्या खोळी शिवायच्या आणि खोऱ्यातल्या टॅक्सीवाल्यांनी न्यायच्या. अल्लाहच्या कृपेने सहा वर्षं कुणाकडे हात पसरावा लागला नाही. पण आता बाजारात दुसरं बोलणंच नाही. म्हणे वसंतात नवी लोला येतेय, पार बदललेली. कुणी म्हणतो दारांना कडीच नसेल, हात फिरवला की उघडतील. कुणी म्हणतो छत सगळं काचेचं. कोबिल शपथेवर सांगतो की मागच्या डिकीत चाळीस माणसांच्या पुलावाची कढई झाकणासकट मावणार. शेजारची खोसियत म्हणते, गाडी नमाजाची वेळ सांगेल आणि चालकाने जांभई दिली तर त्याला झापेल.

मला यातलं काही नको. मला एवढंच कळव, की मान टेकायची उशी सीटला जोडलेली आहे की सुटी? आणि आतला रंग कोणता? रेशीम वर्षातून एकदा येतं. ह्यांना थंडीत ताणा लावायचाय. तो चुकला तर वर्ष गेलं.

तुझी थोरली बहीण, मुअत्तर ओपा

जिझ्झाख, १९ नोव्हेंबर

मुअत्तर ओपा, सलाम.

नान तीन पोचले. कोबिल अका म्हणाले, चौथा घाटात थंडीने गारठला म्हणून खावा लागला.

तुम्ही विचारलंत ते मी सांगू शकत नाही. आम्हा सत्तर जणांचे फोन काढून घेतलेत आणि सही घेतली आहे, की गाडी कशी दिसते, काय बदललं, काय राहिलं, यातलं अक्षर बाहेर बोलायचं नाही. सही नसती तरी बोललो नसतो. मी आठ वर्षांचा असताना खोसियत ओपांच्या मुलीला बघायला कोण येणार ते नानवाल्यासमोर बोलून बसलो होतो आणि ते लोक आलेच नाहीत, आठवतं? तुम्ही मला तुतीच्या झाडाखाली उभं करून म्हणवून घेतलंत, की विश्वासाने सांगितलेलं म्हणजे दुसऱ्याची ठेव. तेव्हापासून माझ्या तोंडाला कुलूप आहे. किल्ली तुम्हीच फेकलीत.

इथे वारा फार. जेवण बरं. आमचे उस्ताद चीनमधले आहेत, वेन नावाचे, शांत माणूस. मोजे बसले.

ह्या पत्रात गाडीबद्दल काही नाही. उगाच शोधू नका.

तुमचा फोझिल

मार्गिलान, २ डिसेंबर

फोझिलजान,

शोधलं. "वारा फार" म्हणजे काचेचं छत उघडतं, असं खोसियतचं म्हणणं. "मोजे बसले" म्हणजे खोळीचं जुनंच माप बसणार, असं माझं. तुझ्या अकांनी दोघींकडे बघितलं आणि म्हणाले, "त्याला वारा लागतोय आणि त्याने मोजे घातलेत, एवढंच लिहिलंय." त्यांना वाचायची आवड कधीच नव्हती.

असू दे, आता तुझी गरज नाही. आम्हाला गाडी दिसली!

कोबिल घाटाखाली गाडी चार्जिंगला लावून चहा पीत होता तर समोरून नवी लोला गेली. त्याने फोटो काढला. जरा हललाय, पण गाडी स्पष्ट आहे. नाकापासून शेपटीपर्यंत सगळ्या अंगावर काळीपांढरी नक्षी! कुठे वळसे, कुठे ढगांसारखे फाटलेले काठ. तुझ्या अकांनी फोटो खिडकीशी नेला, चष्मा पुसला, पुन्हा पुसला आणि म्हणाले, "ही तर आपली नक्षी. अब्र आहे ही, ढगांची." विणकरांच्या गल्लीतली सगळी जाणती माणसं येऊन बघून गेली. सगळ्यांचं एकमत. आपल्या वाडवडिलांनी रेशमावर ढग बांधले, ते आता गाडीवाल्यांनी पत्र्यावर उतरवले. म्हातारे रहमोन बाबा तर फोटो कपाळाला लावून गेले.

ह्यांनी फोटो स्टुडिओतून उशीएवढा मोठा करून आणलाय. रोज त्याच्यासमोर बसतात. म्हणतात, "काढणाऱ्याचा हात चांगला आहे, पण त्याला कुठे थांबायचं ते कळत नाही. एक वळसा दुसऱ्यांदा येत नाही. असं कुठे असतं का?" पण ठरवून टाकलंय. यंदाचा ताणा लालहिरवा नाही, काळापांढरा. बाहेर जशी गाडी तशी आत खोळ. चाळीस गाड्यांना पुरेल एवढं कापड निघेल. वसंतात लोक नवी गाडी घेऊन दारात येतील तेव्हा माझ्याकडे शिवून तयार. गल्लीत दुसरं कुणी अजून रेशमाला हात लावलेला नाही. आम्ही पहिले.

आता तरी शाबासकी दे तुझ्या अकांना.

तुझी ओपा

जिझ्झाख, १० डिसेंबर

ओपा, सलाम.

पत्र दोनदा वाचलं आणि जेवण गेलं नाही.

मी गाडीबद्दल बोलू शकत नाही. पण भाऊ म्हणून, गाडीचा काही संबंध नसताना सांगतो. एर्गाश अकांनी दरवर्षी विणतात तेच विणावं. डाळिंबं, बदाम, लाल, हिरवा, पिवळा. काळंपांढरं लग्नाकार्यात चालत नाही. टॅक्सीत तर मुळीच चालत नाही, पांढरं मळतं आणि काळ्यावर धूळ दिसते. अकांना घाई करू देऊ नका. ताणा लावू नका. निदान वसंतापर्यंत थांबा. रेशीम कुठे पळून जात नाही. फोटोवर किती विश्वास ठेवायचा? कोबिल अकांनी आजवर एक तरी फोटो धड काढलाय? त्यांच्या मुलाच्या सुंतेच्या फोटोत नुसती त्यांची बोटं आहेत.

ऐका माझं. हात जोडतो.

फोझिल

मार्गिलान, २० डिसेंबर

फोझिलजान,

तू लहानपणापासून एका गोष्टीवर कधी तीन ओळींच्या वर लिहिलं नाहीस. शाळेत निबंधाला "माझे गाव चांगले आहे" लिहून वही मिटायचास. तो तू आज अर्धं पान भरून लिहितोस, की हे करू नका. तेव्हाच मी समजले, की फोटो खरा आहे. खोटा असता तर तू हसला असतास. तू घाबरलास, कारण गुपित आमच्या हाती लागलं आणि ते तुझ्यामुळे लागलं असं कुणी म्हणेल. घाबरू नकोस. फोटो कोबिलने काढलाय, हवं तर मी मशिदीत उभी राहून सांगेन.

तुझ्या चिठ्ठीमुळे ह्यांची शंका मिटली. एका ताण्याऐवजी आता दोन लावलेत. वर्षाचं सगळं रेशीम. रात्रंदिवस बांधणी चाललीय. पांढरं राहायचं तेवढं सुताने घट्ट गुंडाळायचं. माझी बोटं सुजलीत, तरी मी मोजून एकेक गाठ मारते. सगळ्या नक्षीत फिरून येणारा वळसा काही सापडला नाही, म्हणून शेवटी ह्यांनी स्वतःच्या मनाने एक घातला. म्हणाले, "त्याचं चुकलं म्हणून आपण कशाला चुकायचं?"

१० जानेवारीला काळ्या रंगाचा हंडा चढणार. एकदा त्यात बुडालं की मग खुद्द राजाला हवं असलं तरी ते लाल होणार नाही. दुआ कर.

नान सहा पाठवलेत. कोबिलला त्याचे दोन वेगळे दिलेत, आता त्याला सबब नाही.

तुझी ओपा

जिझ्झाख, २९ डिसेंबर

ओपा, हे पत्र पोचताच हंडा थांबवा. बाकीचं नंतर वाचा.

तीन रात्री झोप नव्हती. परवा सकाळी सीट उलटी बसवली. वेन उस्तादांनी बाजूला घेतलं, दुभाष्याला बोलावलं, विचारलं काय झालं. मी म्हटलं, "नोकरी जाईल असं काही विचारायचं आहे." म्हणाले, "विचार." मी सगळं सांगितलं. तुम्ही, अका, फोटो, ताणा, हंडा.

दुभाषा सांगत होता तसे वेन उस्ताद हसायला लागले. चष्मा काढून डोळे पुसले, पुन्हा हसले. मग चष्मा परत घातला आणि विचारलं, "किती रेशीम?"

ओपा, ती नक्षी नव्हेच. तो चिकट कागद आहे. रस्त्यावर चाचणीला नेताना गाडीचा आकार कुणाच्या नजरेत बसू नये म्हणून सगळ्या अंगाला डकवतात. वळसे मुद्दाम असे काढतात, की डोळा कुठेच ठरू नये. सगळ्या जगातले गाडीवाले हे करतात आणि सगळ्या जगाला ते माहीत आहे. गाडी विकायला येईल तेव्हा अंगावर काही नसेल. उस्ताद म्हणाले, "तुझी सही गाडीबद्दल होती, कागदाबद्दल नव्हती. हे तू पहिल्या दिवशीच सांगू शकत होतास."

काल रविवार होता, फोन लावला. लागला नाही. बर्फाने तुमच्याकडची वीज गेलीय म्हणतात. कोबिल अका आज निघतायत, त्यांना म्हटलं उडत जा. अजून बारा दिवस हातात आहेत.

फोझिल

मार्गिलान, १६ जानेवारी

फोझिल,

घाट बर्फाने बंद होता. कोबिल अंग्रेनला अडकून पडला. तुझी चिठ्ठी १४ तारखेला मिळाली. हंडा ठरल्याप्रमाणे १० ला चढला. रंग चांगला धरलाय.

महिनाभर तुला माहीत होतं.

नान पाठवलेले नाहीत. तंदूर तडकलाय.

मुअत्तर

जिझ्झाख, २३ फेब्रुवारी

ओपा,

हे तिसरं पत्र. कोबिल अका सांगतात, तुम्ही पाकीट घेता, "बरं" म्हणता आणि आत जाता. रविवारी फोन अकाच उचलतात, ते म्हणतात "ती नमाजाला बसलीय." सकाळी अकरा वाजता कसली नमाज?

काल गाडी दाखवायचा समारंभ झाला, आता सगळं बोलायला मोकळीक आहे. आदल्या दिवशी आम्ही सहा जणांनी तो चिकट कागद सोलला. गरम हवा मारायची आणि हळूहळू ओढायचं. आतून निघाली साधी पांढरी गाडी, सोललेल्या अंड्यासारखी. दारांना कड्या आहेत. छत पत्र्याचं आहे. नमाजाची वेळ सांगत नाही. जांभईला मात्र खरंच ओरडते, खोसियत ओपांना सांगा. डिकीत कढई मावते का ते माहीत नाही, इथे कुणाकडे कढई नव्हती.

एक गोष्ट आधीच्या दोन पत्रांत लिहिली नाही, ती लिहितो. वेन उस्तादांना मी तुमचं फोटोचं पत्र आलं तेव्हाच विचारू शकलो असतो. विचारायचं सुचलं नाही असं नाही. मला आवडत होतं. आजवर मला कुणी काही विश्वासाने सांगितलंच नव्हतं, सगळे म्हणायचे, ह्याच्यासमोर नको. इथे सत्तर माणसांना निवडलं, त्यात मी. कुलूप लावून फिरताना छाती फुगायची. ठेवीचं नाव पुढे केलं, पण खरं कारण ते होतं. तुमचं रेशीम त्यात गेलं.

मान टेकायची उशी सीटला जोडलेली आहे. हे आता सांगून काय उपयोग, तरी सांगतो.

तुमचा फोझिल

मार्गिलान, १२ एप्रिल

फोझिलजान, सलाम आणि पुष्कळ दुआ.

सगळा रमजान मनात राग धरून उपवास केला. असा उपवास अल्लाहकडे पोचला असेल का, शंकाच आहे. ईदला तुझं तिसरं पत्र पुन्हा काढून वाचलं. "छाती फुगायची" ह्या ओळीशी आले आणि हसू आलं, कारण इकडे माझी काय वेगळी गत होती? दोन महिने मी बाजारात मान वर करून सांगत फिरत होते, "आमचा फोझिल आतला माणूस आहे, आम्हाला सगळं कळतं." कांदे घेताना सांगितलं, हमामात सांगितलं. कांदेवाल्याने तर मला विचारून गाडी घ्यायची थांबवली होती. त्याला आता तोंड दाखवायची चोरी झालीय, कांदे लांबच्या गल्लीतून आणते.

तुझ्या अकांचं ऐक. जानेवारीत तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं तेव्हा मला वाटलं आता हे मागावर डोकं आपटणार. तर म्हणाले, "पुन्हा वाच." मी वाचलं. "डोळा कुठेच ठरू नये म्हणून? मुद्दाम?" मी म्हटलं हो. तर हे मोठ्याने हसले. तेव्हा कुठे बोलले, की त्या फोटोसमोर तीन आठवडे बसून वळसा सापडेना तेव्हा त्यांनी मनाशी ठरवलं होतं, की आपली नजर गेली. नक्षी काढणाऱ्याची नजर गेली म्हणजे संपलं. मला सांगायचं धाडस होत नव्हतं, म्हणून तो चष्मा पुसत बसायचे. मला वाटायचं, काच मळलीय. त्या दिवशी ते तीन वाडगे पुलाव जेवले. मी मात्र तुझ्यावर रुसून उपाशी.

कापड विणून झालं. खोटं कशाला बोलू, चाळीस गाड्यांचं गिऱ्हाईक काही आलं नाही. अर्धं कापड ताशकंदच्या एका शिवणाऱ्या बाईने नेलं, ती म्हणाली शहरातल्या मुली काळंपांढरं घालतात. मी म्हटलं, घालू देत. बाकीच्या अर्ध्याच्या खोळी कापल्या. पण घेणार कोण? तेवढ्यात कोबिल दारात उभा. खोऱ्यातली पहिली नवी लोला त्याचीच, पांढरीशुभ्र, सीटवर अजून प्लास्टिक. म्हणाला, "ओपा, लाल खोळ शिवून द्या, डाळिंबाची."

मी म्हटलं, "लाल मिळणार नाही. फोटो तू आणलास. आता त्यावर बस."

"अहो, पण लोक हसतील!"

"तीन महिने मला हसले. थोडं तुला हसू देत."

डोकं खाजवलं, पण तयार झाला. मी टेप घेऊन आत शिरले. उशी जोडलेली, तू म्हणालास तशी. कापड कमी लागतं, शिवण जास्त. काळंपांढरं त्या पांढऱ्या गाडीत काय दिसतं म्हणून सांगू! ह्यांनी घातलेला तो वळसा बरोबर पाठीच्या मधोमध आला. कोबिलने सीटवर हात फिरवला आणि हळूच टेकून बसला. नंतर स्टँडवर जाऊन त्यानेच बढाई मारली असणार, कारण आतापर्यंत सात जण विचारून गेलेत, दोघांनी घेतल्या. लाल घालायला कुणी तयार होतो का विचारलं, तर तिघे म्हणाले, "कोबिलसारखीच हवी."

आणि आता ऐक, ज्याच्यासाठी पत्र लिहायला बसले. ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीमागे, खालच्या कडेला, प्लास्टिक सोलताना एक छोटा चिकटवलेला कागद दिसला. "तपासले" असं छापलेलं आणि त्याखाली सही. शेवटच्या अक्षराचा शेपटा मागे वळवलेला, ज्याच्यासाठी शाळेत तुझे गुण कापायचे. मी गाडीतच खाली बसले. कोबिलला वाटलं टेप हरवली.

खोळ ओढली असती तर तो कागद झाकला गेला असता. कात्री घेतली आणि तेवढ्या जागी चार बोटं कापड कापून काढलं, कडेने बारीक टीप मारली. पत्रिकेला असते तशी चौकट झाली. आत तुझी सही.

कोबिल ओरडला, "अहो ओपा! नव्या खोळीला भोक?"

मी म्हटलं, "यंदाचा बदल आहे. सगळ्या गाड्यांना येणार."

नान आठ पाठवलेत.

तुझी मुअत्तर ओपा